परदेशप्रवास आणि घरची सुटी

प्रवासाची आवड हा दोष नव्हे, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे. नाहीतर शीर्षक वाचताच ‘आता शिक्षकमंडळी घरी बसण्याचे गुणगान करणार’ असे समजून आमचे विद्यार्थिमित्र पान उलटतील. आमचा तसा हेतू नाही. आम्ही मूळचे कोकणीभाषी. पोटाच्या निमित्ताने समुद्रकाठ सोडून ग्वाल्हेरीस आलो आणि इंदरगंजात बिऱ्हाड केले. ज्याने स्वतः मुलूख ओलांडला त्याने इतरांस घरकोंबडे होण्याचा उपदेश करणे शोभणार नाही. परंतु सुटी म्हणजे परदेश आणि परदेश नाही तर सुटी फुकट गेली, असे जे एक समीकरण आपल्या मध्यमवर्गीय घरांतून रूढ होऊ पाहत आहे, त्याविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

त्याचे कारण वर्गातच आहे. सुटीनंतर शाळा उघडली की सुटी कशी घालविली ह्यावर निबंध लिहून घेण्याची प्रथा बहुतेक शाळांतून आहे. हे निबंध तपासताना अलीकडे एक गोष्ट डोळ्यांत भरते. ज्या मुलांचे दुबई, सिंगापूर, बँकॉक झाले त्यांच्या लेखणीला धार असते. उरलेल्यांपैकी कित्येकांचा निबंध ‘आम्ही यंदा कोठेच गेलो नाही’ ह्या एका वाक्यावर थांबतो. त्या मुलाने सुटीत काहीच केले नसेल काय? तो वडिलांच्या दुकानावर बसला असेल, आजोळी मुरारला जाऊन मामेभावंडांशी भांडला असेल, गच्चीवर निजून पहाटेचा गार वारा त्याने अनुभवला असेल. पण हे सारे लिहिण्याच्या योग्यतेचे नाही, असे त्याला कोणी न सांगता कळलेले असते. एकाने तर सिंगापूरचे वर्णन लिहून दिले. ते इतके बिनचूक होते, की मुलगा तेथे गेलेला नाही हे तत्काळ ध्यानात आले. आम्ही हसलो खरे. परंतु बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आपल्या सुटीची लाज वाटावी, ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे.

आता थोडे मागे पाहू. आपली माणसे दूरदेशी गेली ती मौजेखातर क्वचितच. कोकणातील पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घराबाहेर पडले. घरावर कर्ज होते, आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे दक्षिणा भरपूर मिळेल अशी वार्ता त्यांच्या कानी आली होती. वाटेतच बंडाची धामधूम सुरू झाली. ते ग्वाल्हेरीस आले, झाशीस गेले, राणी लक्ष्मीबाईंच्या शहराला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा ते आतच होते. मिळविलेले द्रव्य लुटले गेले. घरी पोचले तेव्हा हाती उरली होती मुख्यतः आईवडिलांसाठी खांद्यावरून आणलेली गंगाजलाची कावड. पुढे १८८३ च्या सुमारास त्यांनी हे सर्व लिहून काढले, आणि चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली ‘माझा प्रवास’ ह्या नावाने प्रसिद्ध केले. गरजेपोटी केलेल्या त्या पायपिटीत गोडसेभटजींनी बाजार, वाडे, देवळे, पक्वान्ने, माणसांचे स्वभाव असे टिपले आहेत, की आजचा हौशी प्रवासी लाजेल. आपल्या ग्वाल्हेरचे वर्णन त्यात आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी ते ग्रंथालयातून अवश्य काढून वाचावे.

दुसरे उदाहरण आमच्या मातृभाषेच्या माणसाचे. गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली घर सोडून निघाले ते बुद्धाच्या धर्माचा शोध घेण्यासाठी. पुण्याहून ग्वाल्हेरमार्गे ते काशीला गेले, तेथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, मग नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, आणि १९१० साली थेट अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठ. पाली भाषेतील ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संशोधनासाठी त्यांस तेथे बोलावले होते. त्यांचे ‘निवेदन’ हे आत्मकथन मराठीत आहे. त्यात उपासमार आहे, आजार आहे, परक्या माणसांनी दिलेला आसरा आहे. मौज शोधूनही सापडणार नाही. तरी ते वाचताना आपणच प्रवासाला निघालो असे वाटत राहते.

समुद्र ओलांडणे हे त्या काळी पातक मानले जाई. अशा वेळी १८८३ साली आनंदीबाई जोशी एकट्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि फिलाडेल्फियाला जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. तेव्हा त्यांना एकविसावे वर्ष चालू होते. जाण्यापूर्वी श्रीरामपूर येथे भरसभेत त्यांनी आपण अमेरिकेस का जात आहोत ह्याची कारणे सांगितली. आज विमानतळावर छायाचित्र काढताना आपल्याला कोणी कारण विचारत नाही, हे भाग्य त्या पिढीने सोसले म्हणून आपल्या वाट्यास आले.

आणि आमच्या गोव्यातले तारवटी! हा शब्द इकडे परिचित नसेल. तारवावर, म्हणजे जहाजावर, चाकरी करणाऱ्या माणसाला कोकणीत तारवटी म्हणतात. इंग्रजांच्या आगबोटींवर गोव्याची हजारो माणसे आचारी, वाढपी, खलाशी म्हणून राबली. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास त्यांच्या ‘कूड’ नावाच्या खाणावळवजा वसतिगृहांतून प्रत्येक गावचे लोक एकत्र राहत, आणि बोट मिळेपर्यंत वाट पाहत. ह्या माणसांनी लंडन, मोंबासा, सिंगापूर किती वेळा पाहिले असेल! पण पाहिले म्हणजे काय? बंदराचा धक्का, कोळशाचे ढीग आणि जहाजाचे स्वयंपाकघर. जगाला प्रदक्षिणा घालून आलेला तारवटी घरी आला की पहिले दोन दिवस ओसरीवर नुसता बसून राही. बायकामुलांना वाटे, काय काय सांगेल. आणि तो म्हणे, आधी पेज वाढा.

हे सगळे सांगण्याचे कारण इतकेच की केवळ मौजेसाठी परदेशी जाणे ही आपल्याकडे तशी कालपरवाची गोष्ट आहे. पु. ल. देशपांडे ह्यांचे ‘अपूर्वाई’ १९६० साली आले आणि मराठी घरांतून विलायतेची गोडी वाढली. तो प्रवासही शिक्षणाच्या निमित्ताने घडलेला होता. मौज नवी असली म्हणून ती वाईट ठरत नाही. माणसाने वर्षभर कष्ट केल्यावर चार दिवस आनंदात घालवावे, त्यात जग पाहावे, ह्याला कोणता शहाणा माणूस नावे ठेवील? आम्ही तर म्हणू, ज्यांना शक्य आहे त्यांनी एकदा तरी जावे. पादचाऱ्यासाठी मोटार थांबते, वाहत्या रस्त्याशेजारी माणसाला निर्धास्त चालता येते, संग्रहालयात लहान मुले जमिनीवर बसून मूर्तीचे चित्र काढत असतात आणि रखवालदार त्यांना हाकलीत नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की आपल्या गावाविषयीच्या अपेक्षा बदलतात. आपण ज्याला नशीब म्हणत होतो तो केवळ नगरपालिकेचा आळस होता, हे परदेशात कळते. हा लाभ लहान नाही.

परंतु आठ दिवसांत पाच शहरे, पहाटे पाचला उठून बसमध्ये चढणे, पंधरा मिनिटांत छायाचित्रे, दुपारी पुन्हा घरच्यासारखेच जेवण आणि रात्री खरेदी, ह्या पद्धतीने फिरून आलेल्या कुटुंबास जर विचारले की तेथल्या एखाद्या माणसाशी तुम्ही बोललात काय, तर बहुधा उत्तर नकारार्थीच येते. आमचा तारवटी निदान बंदरावरच्या हमालाशी तरी हातवारे करून बोलत असे. शिवाय हल्ली ‘आता जा, पैसे मग भरा’ अशा जाहिराती निघाल्या आहेत. मराठीत ऋण काढून सण करण्याविषयी जे म्हटले जाते ते पालकांस आम्ही सांगावयास नको. सहलीचे हप्ते दिवाळीनंतरही चालू राहतात आणि मग मुलाच्या पुस्तकांच्या खर्चावरून घरात कुरबुर होते. शिक्षकाला हे कळते. मुले बोलून जातात.

कोकणी भाषेत ‘सुशेगाद’ असा एक शब्द आहे. गोव्याबाहेरचे लोक तो थट्टेने वापरतात. गोंयकार आळशी, दुपारी दुकान बंद करून झोपणारा, असा त्यांचा आशय असतो. मूळ शब्द पोर्तुगीज आहे आणि त्याचा अर्थ शांत, निवांत, स्वस्थचित्त असा होतो. पोर्तुगीजांनी गोव्यावर सुमारे साडेचारशे वर्षे राज्य केले. १९६१ साली ते गेले, आणि जाताना हा शब्द आमच्या ओसरीवर विसरून गेले. आता तो इतका घरचा झाला आहे, की आमची आजी तो परका मानायलाच तयार नव्हती. मराठीत फुरसत आहे, निवांतपणा आहे, विरंगुळा आहे. तथापि दिवसाचे काम आटोपल्यावर काहीही न मिळविता, काहीही न दाखविता स्वस्थ बसण्यात जी एक तृप्ती असते ती सुशेगाद ह्या शब्दात आहे. ही गोष्ट पैसे देऊन मिळत नाही. ती अंगी यावी लागते, आणि लहानपणी आली नाही तर पुढे परदेशातील उत्तम हॉटेलात बसूनही माणूस मोबाइल फोनच चाळत राहतो.

ती येथे, ह्या आपल्या गावात, कशी यावी? आम्ही बाहेरून आलेले असल्यामुळे आम्हांस ग्वाल्हेर अजून नवे वाटते; येथे जन्मलेल्यांस दुरून डोंगर साजरे आणि जवळचा किल्ला फक्त रस्ता चुकू नये म्हणून वर पाहण्याचा. १५२८ साली बाबर येथे आला. अर्ध्या आशियाचे रस्ते तुडविलेला तो माणूस. त्यानेही राजा मानसिंहाचा महाल पाहून आपल्या आठवणींत त्याची तपशीलवार नोंद केली. (उरवाई खोऱ्यातील जैन मूर्ती विद्रूप करण्याची आज्ञाही त्यानेच दिली, हेही विसरून चालणार नाही.) त्या महालाच्या बाहेरील भिंतीवर निळ्या चकाकत्या फरशांत बदकांची रांग आहे, हत्ती आहेत, केळीची झाडे आहेत. आमच्या वर्गातील किती मुलांनी ती बदके मोजली आहेत? दुबईच्या उंच मनोऱ्याचे मजले मात्र त्यांना तोंडपाठ असतात.

किल्ल्याच्या पूर्वेकडील चढणीवर, दगडातच कोरलेले चतुर्भुज विष्णूचे एक चिमुकले देऊळ आहे. त्यातील शिलालेख विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा आहे. देवाला दिलेल्या फुलबागेची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात, आणि रोज देवाला ५० माळा, असा हिशेब त्यात कोरलेला आहे. ह्या २७० आणि ५० मध्ये जे शून्य आहे, ते दगडावर कोरलेल्या जगातील अत्यंत जुन्या शून्यांपैकी एक होय. कंबोडियात ह्याहून जुने सापडले आहे, पण आपल्या देशात कालनिर्देशासह कोरलेले असे शून्य म्हणून ह्याचा मान मोठा आहे. परदेशातील गणिताचे अभ्यासक हजारो मैलांचा प्रवास करून ते पाहावयास येतात. आपण त्याच्या पायथ्याशी राहून शिकवणीच्या वर्गात शून्याचे गुणधर्म पाठ करतो.

डिसेंबरात हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी संगीत समारोह भरतो. देशातले थोर गवई तेथे हजेरी लावतात आणि ऐकणाऱ्याला तिकीट काढावे लागत नाही. प्रारंभी समाधीपाशी ढोलीबुवा महाराजांच्या परंपरेतील हरिकथा होते आणि मिलादही होतो. मराठी कीर्तनाच्या ढंगाची हरिकथा, एका मुसलमान सत्पुरुषाच्या मकबऱ्याच्या अंगणात, तानसेनाच्या साक्षीने: हे पाहण्यासाठी कोणत्याही देशाच्या माणसाने विमानाचे भाडे भरावे, असा हा प्रसंग आहे. ह्याच ग्वाल्हेरच्या गायकीच्या ओढीने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर घरदार सोडून निघाले होते, आणि त्यांनी ती दक्षिणेस नेली तेव्हा महाराष्ट्रात ख्यालगायनाचे दिवस पालटले. ग्वाल्हेरला २०२३ साली युनेस्कोने संगीताचे नगर म्हणून मान दिला, त्याच्या मुळाशी अशा पायपिटी आहेत. आपल्या पालकांपैकी अनेकांनी हा समारोह एकदाही पाहिलेला नाही, असे चौकशीअंती आढळले.

त्याशिवाय माधवराव महाराजांनी १९०५ साली सुरू केलेला मेळा आहे. त्याविषयी मुलांना काही सांगावे लागत नाही, ती आम्हांलाच सांगतात. सर विश्वेश्वरय्या ह्यांनी योजिलेल्या स्वयंचलित दरवाजांसाठी प्रसिद्ध असे तिघऱ्याचे धरण आहे. तीस-चाळीस किलोमीटरवर मुरैना जिल्ह्यात बटेश्वरची सुमारे दोनशे लहान देवळे आहेत, आठव्या ते दहाव्या शतकांतली. ती कोसळून नुसत्या दगडांचे ढीग झाले होते. २००५ पासून पुरातत्त्व विभागाने के. के. मुहम्मद ह्यांच्या देखरेखीखाली एकेक दगड जुळवून त्यांतील अनेक पुन्हा उभी केली. श्योपूरची अरुंद रुळांची चिमुकली गाडी मात्र २०२० साली बंद पडली. जवळजवळ दोनशे किलोमीटर ती दिवसभर रेंगाळत जाई आणि तिच्यात बसलेल्या माणसाला घाई करताच येत नसे. रुंद रुळांची गाडी वेगाने जाईल आणि ते गरजेचेही आहे. पण सुशेगाद प्रवास म्हणजे काय हे दाखविण्याचे आमचे एक साधन गेले.

एवढे लिहिल्यावर एक आक्षेप आम्हीच घेतो, कारण तो खरा आहे. जवळच्या सुटीचे गोडवे गाणारे बहुधा पुरुष असतात. रविवारी किल्ल्यावर जायचे ठरले की घरातील आई पहाटे चारला उठून पुऱ्या तळते, डबे भरते, वर सतरंजी अंथरते, वाढते, आणि परत आल्यावर भांडी घासते. तिच्या दृष्टीने ती सहल म्हणजे स्वयंपाकघर टेकडीवर नेणे होय. परदेशच्या सहलीत निदान आठ दिवस तिला कोणी ‘आज भाजी काय’ असे विचारत नाही. एका भगिनीने आम्हांस स्पष्ट सांगितले, की बँकॉकला मला देवळे आवडली की बाजार, हे विचारू नका. सकाळी आयता चहा समोर आला, तो आवडला. ह्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही, आणि उत्तर असूही नये. घराजवळची सुटी सर्वांची व्हावयाची असेल तर डबे वडिलांनी आणि मुलांनी भरावेत, अथवा वाटेत कचोरी घ्यावी; ग्वाल्हेरीत कचोरीला तोटा नाही.

मुलींचेही तसेच. मुलगा सायकल घेऊन तिघऱ्यापर्यंत जाऊन आला तर त्याचे कौतुक होते. त्याच्या बहिणीने किल्ल्याच्या चढणीपर्यंत मैत्रिणींबरोबर जातो म्हटले की चार प्रश्न उभे राहतात. त्यांपैकी दोन रास्त असतात, हे आम्ही नाकारत नाही. परंतु जे गाव मुलींसाठी चालण्याजोगे नाही ते त्यांच्यासाठी जवळ असून नसल्यासारखे आहे. मग त्यांना परदेशच मोकळा वाटला तर दोष कोणाचा? आणि शिकवणीचे वर्ग! सकाळी एक, शाळेनंतर दुसरा, रविवारी परीक्षा. ज्या मुलाला आठवड्यात रिकामी दुपार माहीत नाही, त्याला सुटीत काय करावे हे सुचणार कोठून? त्याला तिकीट, बस आणि वाटाड्या लागतातच.

म्हणून आमची पहिली सूचना आमच्याच व्यवसायबंधूंस आहे. निबंधाचा तो विषय काही वर्षे बाजूस ठेवावा. त्याऐवजी ‘आमच्या घरापासून चालत जाऊन मी पाहिलेली एक गोष्ट’ असा द्यावा. सिंगापूर पाहून आलेल्या मुलालाही तो लिहिता येईल, आणि दुकानावर बसणाऱ्या मुलाला तर अधिक चांगला येईल. त्याने रस्ता रोज पाहिलेला असतो. पालकांस विनंती अशी, की परदेशी जावयाचे असेल तर साठविलेल्या पैशाने जावे, एका गावी चार दिवस राहावे, आणि जाण्यापूर्वी मुलांस आपले गाव एकदा परक्याला दाखवावे तसे दाखवावे. आठवड्यातील एक दुपार शिकवणीतून सोडवून द्यावी. त्या दुपारी मूल काय करते हे विचारू नये.

ज्यांना चतुर्भुजाचे देऊळ पाहावयाचे आहे त्यांनी उन्हाळा टाळावा, अथवा सकाळीच निघावे. दगड तापला की चढण सोसत नाही. पाणी बरोबर घ्यावे. देऊळ इतके लहान आहे, की न पाहता सरळ पुढे निघून जाण्याचा संभव फार. शिलालेखाला हात लावू नये. अक्षरांच्या ओळीत २७० शोधताना हे ध्यानात ठेवावे, की त्यातील शून्य शेजारच्या अंकांपेक्षा बरेच लहान कोरलेले आहे.